आधी मोडून दाखव

मागबाईंनी कापडाचा तागा मीटिंगच्या टेबलावर ठेवला आणि एका हिसक्यात उलगडला. दोन लॅपटॉप, चहाचे कप आणि टेस्टरचं अर्धं बिस्किट त्याखाली गडप झालं.

"बघा तुमचा प्रताप," त्या म्हणाल्या.

कापड पडद्याचं होतं. करड्या जमिनीवर निळे पक्षी, सगळे एकाच दिशेला तोंड करून, शाळेच्या रांगेसारखे. वीतभर कापड निर्दोष होतं. मग मध्येच एक आडवा पट्टा आला, साधारण चार बोटं रुंद, आणि त्या पट्ट्यातल्या पक्ष्यांच्या डोक्यांवर तुरे उगवले. पक्ष्यांमागची सपाट जमीनही तिथे तिरप्या रेघांची झाली होती. पट्टा संपला तसे तुरे गेले, रेघाही गेल्या. कडेवर सापडलेल्या पक्ष्यांची डोकी जुन्या नक्षीतली होती आणि पाय नव्या नक्षीतले.

"तुरे आम्ही काढून टाकले होते," मागबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला तुरे नको होते, रेघा नको होत्या. आमच्या माणसाने मागाच्या स्क्रीनवर नक्षी बदलली आणि माग सुरू केला. छान चाललं होतं. मध्येच हे. पुन्हा छान. पुन्हा हे. तुमच्या मागाला माहेरची आठवण येते की काय?"

"माग तुमचा आहे," टेस्टर हळूच म्हणाला.

"डोकं तुमचं आहे ना त्यात?"

ते खरं होतं. मागबाई हे या टीमने आपसांत ठेवलेलं नाव; त्या माग बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य इंजिनिअर होत्या. त्यांच्या नव्या मागाच्या पोटातला संगणक या टीमने लिहिलेल्या कर्नलवर चालत होता. संगणकाच्या बाकीच्या सगळ्या प्रोग्रामच्या खाली बसून कुणाला किती मेमरी द्यायची, कुणाचं काम आधी करायचं, हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे कर्नल. टीम छोटी होती, दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत मावणारी. खोलीच्या एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला चाचणीचं टेबल, आणि त्या टेबलावर मागातून काढून आणलेली नियंत्रणाची पेटी. ती कापडाऐवजी स्क्रीनवर नक्षी विणून दाखवायची.

कर्नलच्या प्रत्येक भागाला एक राखणदार होता. त्या भागात काहीही बदलायचं तर त्याची परवानगी लागे, आणि पहिल्या फाइलच्या माथ्यावर त्याचं नाव असे. मेमरीच्या भागाचे राखणदार कुलूपकाका. तो भाग त्यांनी केस काळे असल्यापासून लिहीत आणला होता. दोन कामं एकाच वेळी एकाच गोष्टीला हात लावतील अशी शंका आली, की काका तिथे लॉक लावत. ज्याच्याकडे लॉक त्यानेच आत जायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. काका त्याला कुलूप म्हणत, आणि मग लोक काकांनाच कुलूप म्हणायला लागले.

महिनाअखेर काका निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर मेमरीचा भाग चिमट्याकडे जायचा होता. चिमटा ही टीममधली तिशीतली इंजिनिअर. दुसऱ्याने लिहिलेल्या हजार ओळींतून नेमकी एक चुकीची ओळ उचलून ती त्याच्या नाकासमोर धरायची, म्हणून चिमटा. तिला या नावाचा राग नव्हता. फाइलच्या माथ्यावर आपलं नाव येणार, हे मात्र तिने घरी सोडून कुणालाही बोलून दाखवलं नव्हतं.

मॅनेजरने कापडाची कड उचलून खालून आपला चहा काढला. "मागांचं प्रदर्शन तोंडावर आलंय," तो म्हणाला. "मला विचाराल तर मेमरीचा अख्खा भागच बदलू. बाहेर तयार मिळतो. जगभर चालतो. कटकट नाही."

काका कापडाची सुरकुती तळहाताने सपाट करत राहिले.

"मला एक आठवडा दे," चिमटा म्हणाली.

मॅनेजरने मागबाईंकडे बघितलं. मागबाई पर्स खांद्याला लावत होत्या. "मी पुढच्या शुक्रवारी येते. कारण सांगा. 'आता होत नाही' असलं काही मला सांगू नका. प्रदर्शनात चारचौघांत मागाच्या शेजारी मला उभं राहायचंय, तुम्हाला नाही."

त्या गेल्यावर मॅनेजर म्हणाला, "शुक्रवार. नाही जमलं तर मी बाहेरच्यांशी बोलतो. काका, तुमच्यावर राग नाही हं."

"नाही, नाही," काका म्हणाले. "माझं काय, मी चाललोच आहे."

ते चिमट्याकडे न बघता बोलले, पण बोलले तिच्यासाठीच. शुक्रवारी कारण सापडलं नाही, तर तिच्या हाती द्यायला काकांकडे काही उरणारच नव्हतं.

*

तागा ती घरी घेऊन आली. सासूबाई खिडकीजवळ शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्या लोकांचे पडदे, उशांचे अभ्रे शिवून देत. गळ्यात मापाची टेप कायमची. जेवतानाही काढत नसत.

"अगं बाई, एवढं कापड! पगाराऐवजी कापड द्यायला लागले का?"

"बिघडलेलं आहे, आई."

"कुठे बिघडलंय?" सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "हे? मला तर तुरेवाले जास्त ठसकेबाज वाटतात. ते बाकीचे काय, नुकतीच हजामत करून आल्यासारखे."

"टेप देता जरा?"

"देते, पण एक टोक मी धरणार. तू मापलेल्या पडद्याने गेल्या वेळी जमीन पुसली होती."

दोघींनी जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं. स्वयंपाकघरातून नवऱ्याने वाढू का म्हणून विचारलं, आणि उत्तर न आल्याने स्वतःपुरतं वाढून घेतलं. चिमट्याने पहिल्या पट्ट्याची रुंदी मोजली. मग दुसऱ्याची. तिसऱ्याची मोजताना तिने टेप दोनदा लावली.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळे पट्टे एकाच मापाचे आहेत. सुतासुताने."

"मग कुणीतरी मापून बिघडवलंय."

चिमटा हसली नाही. नक्षी जिथे सुरू होते तिथून ती प्रत्येक पट्ट्यापर्यंतचं अंतर मोजत गेली. अंतरं वेगवेगळी आली, पण प्रत्येक अंतरात पट्ट्याची रुंदी पूर्णच्या पूर्ण बसत होती. कुठे तीनदा, कुठे सातदा. साडेतीनदा कुठेही नाही.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. संगणक मेमरीचे सारखे तुकडे पाडतो. एकेका तुकड्याला पान म्हणतात. नक्षीच्या ठरावीक ओळी एका पानात मावतात. त्या ओळी विणल्या की कापडावर त्यांची रुंदी होते चार बोटं. म्हणजे कापडावर दिसत होती ती मेमरीची पानं. पट्टा कधी अर्ध्यात सुरू होत नव्हता, कधी अर्ध्यात संपत नव्हता. अख्खं पान जुनं होऊन परत येत होतं. आणि कर्नलमध्ये अख्ख्या पानांचा व्यवहार करणारा भाग एकच होता.

"वाईट बातमी आहे का?" सासूबाई टेप गुंडाळत म्हणाल्या.

"काकांचाच भाग आहे."

"ते कुलूपवाले? जो तुला मिळणार तो?"

"मिळाला तर."

सासूबाईंनी टेप पुन्हा गळ्यात घातली. "आधी जेवून घे. उपाशी माणसाला सगळंच वाकडं दिसतं."

*

"पान?" काका दुसऱ्या दिवशी म्हणाले. "म्हणजे माझ्याच घरात चोरी."

ते फळ्यापाशी गेले. काका बसून बोलत आणि उभे राहून विचार करत. "पेज टेबलात प्रत्येक पानाची एक नोंद. पान कुठे ठेवलंय ते त्या नोंदीत. शिवाय दोन खुणा. एक, पान नुकतं वापरलंय का. दुसरी, पान मळलंय का." मळलेलं म्हणजे आणल्यानंतर ज्यात काही बदल झाला असं पान, हा शब्द टीममध्ये काकांनीच रुळवला होता. "मेमरी अपुरी पडली की कर्नल एखादं पान बाहेर काढतो. मळलेलं असेल तर आधी डिस्कवर उतरवून ठेवतो. स्वच्छ असेल तर सरळ टाकून देतो, कारण तसंच डिस्कवर आहेच. पुन्हा लागलं की तिथून आणायचं."

"आणि मळलेलं पान त्याला स्वच्छ दिसलं तर?"

"तर बदल गेले. जुनं पान परत येणार." काका थांबले. "तुरे परत येणार."

"आणि नव्या मागावर कापड तपासणारा कॅमेरा आहे," टेस्टर मागून म्हणाला. "तो मेमरी नुसती ओरपतो. म्हणून पानं सारखी आत-बाहेर."

"ते ठीक. पण खूण पुसली कुणी?" काका फळ्यावर एक चौकोन काढून त्याकडे बघत राहिले.

चिमट्याला एक गोष्ट आठवली. पूर्वी पानावर पहिल्यांदा लिहिताना प्रोसेसर, म्हणजे संगणकातली आकडेमोड करणारी चिप, अडायचा, कर्नलला विचारायचा, आणि मळल्याची खूण कर्नल करायचा. नव्या मागातला प्रोसेसर ही खूण स्वतःच करू शकतो, न अडता. ती सोय गेल्या वर्षी सुरू केली होती चिमट्यानेच. माग चांगलाच वेगाने चालू लागला होता. मागबाईंनी तेव्हा पेढे पाठवले नव्हते, पण फोन करून "बरं केलंत" म्हटलं होतं, आणि मागबाईंच्या तोंडून तेवढं म्हणजे खूपच होतं.

तिने ती सोय बंद केली. चाचणीच्या पेटीने दिवसभर बिनतुऱ्याचे पक्षी विणले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोय पुन्हा सुरू केली, आणि दुपारच्या चहाला स्क्रीनवर तुरे हजर.

"चिमट्याला चिमटा बसला," टेस्टर म्हणाला. कुणी हसलं नाही तेव्हा त्याने स्वतःच "सॉरी" म्हटलं.

"अरे, मग सुटलंच की!" मॅनेजर म्हणाला. "बंद ठेवू या."

"माग हळू होईल. मागबाई उभं जाळतील."

"थोडा हळू. बिघडलेल्या कापडापेक्षा बरं."

"आणि कारण?" काका म्हणाले.

या खोलीत एक रिवाज होता. दुरुस्ती आणणाऱ्याने आधी सगळ्यांसमोर ती गोष्ट मोडून दाखवायची. योगायोगाने मोडली तर चालत नसे. म्हणाल तेव्हा, म्हणाल तशी मोडता आली पाहिजे. मग दुरुस्ती लावायची आणि तशीच मोडायचा प्रयत्न करायचा. मोडता कामा नये. मग दुरुस्ती काढायची. पुन्हा मोडली पाहिजे. जो मोडू शकत नाही त्याला कारण कळलेलं नाही, असं काका मानत. रिवाज त्यांनीच पाडला होता आणि स्वतःलाही त्यातून कधी वगळलं नव्हतं.

"काका, तुमचा रिवाज तुमच्याच मुळावर येणार आहे," मॅनेजर म्हणाला. "वेळ कुठे आहे?"

"शुक्रवारपर्यंत आहे," चिमटा म्हणाली. "तूच दिलायस."

*

तिने आधी स्वतःचं लिखाण उलटंपालटं केलं. ओळ न् ओळ. आपल्याच कामात चूक सापडावी म्हणून माणूस इतकं झटतो, याचं तिलाच हसू आलं. काही सापडलं नाही. मग कर्नलमध्ये पानाच्या नोंदीवर कुठे कुठे लिहिलं जातं, ती सगळी ठिकाणं ती एकेक करून वाचत गेली.

बुधवारी दुपारी वाचता वाचता ती अडखळली. चुकीवर नव्हे, स्वतःच्या सवयीवर. काही ठिकाणांवरून आपली नजर न थांबता पुढे जाते आहे, हे तिच्या लक्षात आलं. ती मागे गेली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट: तिथे कुलूप होतं.

या टीममध्ये कुणी कुणाला तसं शिकवलं नव्हतं, पण सगळे तसंच करत. दुसऱ्याचा बदल तपासताना काकांचं कुलूप दिसलं की "इथे काकांचं कुलूप आहे" म्हणायचं आणि पुढे जायचं. आतल्या ओळी वाचायच्या नाहीत. काकांचं कुलूप म्हणजे काकांचा शब्द. स्वल्पविरामासाठी लोकांना रडवणारी चिमटासुद्धा, गेल्या वर्षी नवी सोय सुरू करताना, प्रत्येक कुलपापाशी मान डोलवून पुढे गेली होती.

आता ती आत शिरली.

तिसऱ्या की चौथ्या कुलपात पानांचं वय ठरवणारा तुकडा होता. ठरावीक वेळाने तो सगळ्या नोंदींवरून फिरे आणि 'नुकतं वापरलंय' ही खूण पुसून ठेवी, म्हणजे पुढच्या फेरीपर्यंत कोणतं पान कुणी वापरलं नाही ते कळे. तीनच ओळी. नोंद वाच. त्यातली एक खूण पुस. नोंद परत लिही. वर कुलूप लावलेलं, खाली काढलेलं. इतकं नीटनेटकं, की शाळेत फळ्यावर लिहून द्यावं.

तिने तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. कुलूप कुणाला अडवतं? कर्नलच्या बाकीच्या भागांना. कारण ते आत येण्याआधी विचारतात. प्रोसेसर विचारत नाही. पूर्वी त्याचा प्रश्नच नव्हता, तो या नोंदींवर कधी काही लिहीतच नव्हता. आता लिहितो, कारण तिनेच त्याला लिहायला सांगितलं होतं. पहिल्या ओळीने नोंद वाचून घेतली, आणि तिसरी ओळ ती परत लिहायच्या आत प्रोसेसरने मूळ नोंदीवर मळल्याची खूण केली, तर? तिसरी ओळ हातातली शिळी नोंद वर ठेवून देणार. खूण गेली. पान स्वच्छ. तुरे परत.

तिने दोन्ही हात डोक्यामागे बांधले आणि खुर्चीत मागे रेलली. सापडलं होतं. एवढा आनंद तिला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तो छातीत नीट मावेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिला आठवलं, की हे आता काकांना सांगायचं आहे.

काका जिन्याच्या वळणावर उभे राहून चहा पीत होते. लिफ्ट असून ते जिन्यातच चहा पीत. तिथे कुणी काम सांगायला येत नाही म्हणत.

"काका, वय ठरवणारा तुकडा."

"त्याचं काय?"

"तिथे आहे."

काकांनी कप खाली घेतला. "त्या ओळींना कुलूप आहे."

"आहे."

"माझं कुलूप आहे."

"हो, काका."

"मग?"

"प्रोसेसरला कुलूप दिसत नाही."

काकांनी चहाच्या कपाकडे बघितलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आता ते रागावतील, आणि रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"आधी मोडून दाखव," काका म्हणाले आणि उरलेला चहा तसाच घेऊन खाली गेले.

*

शुक्रवारी खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मागबाई अगदी पेटीसमोर बसल्या. मॅनेजर दाराशी उभा, हातात फोन. काका खिडकीशी, पाठ भिंतीला टेकवून. टेस्टरने स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी वळवली.

"आज जसा कर्नल आहे तसा चालवते," चिमटा म्हणाली. पेटी विणू लागली. निळे पक्षी, बिनतुऱ्याचे, एकामागून एक वर सरकू लागले.

"हे तर बरंय," मागबाई म्हणाल्या.

"हो. कारण फट फार छोटी आहे. हातात नोंद घेऊन परत ठेवेपर्यंतची. तेवढ्यातच प्रोसेसरने लिहिलं तर घात. दिवसभर माग चालला की कधीतरी तो त्या फटीत सापडतोच, पण आपण दिवसभर बसणार नाही. मी फट रुंद करते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये कर्नलला जरा ताटकळत ठेवते. बाकी एकही अक्षर बदललेलं नाही. टेस्टर, नीट बघ."

टेस्टरने स्क्रीनच्या इतकं जवळ नाक नेलं की मागबाईंनी त्याला हाताने मागे सारलं. "बघितलं. एकच ओळ जास्त आहे. नुसती थांबणारी."

"ही नक्षी बदलली. तुरे काढले. आणि हा कॅमेरा सुरू."

दोन रांगा सपाट आल्या. मग एक पट्टा तुरेवाला. मग आणखी एक. मग पट्ट्याला पट्टा लागून तुरेच तुरे, स्क्रीन भरून, सगळे पक्षी सजून लग्नाला निघाल्यासारखे.

"बाई गं!" मागबाई म्हणाल्या, आणि त्या हसल्या म्हणून सगळ्यांना हसता आलं.

काका हसले नाहीत. ते भिंतीपासून सुटून स्क्रीनजवळ आले होते. "थांब," ते म्हणाले. "ती थांबणारी ओळ दुसरीकडे कुठेतरी घाल. फटीत नको. कुलपाच्या बाहेर."

शंका चांगली होती. नुसत्या उशिराने कर्नल गडबडतो आहे का, एवढं काकांना तपासायचं होतं. चिमट्याने ताटकळण्याची ओळ कुलपाबाहेर नेली. पक्षी शहाण्यासारखे बोडके आले. परत आत आणली. तुरे.

"आता दुरुस्ती," ती म्हणाली. "समजा, मीच तो वय ठरवणारा तुकडा आहे. सध्या मी नोंदीची प्रत हातात घेते, तिच्यातली एक खूण पुसते आणि ती प्रत मूळ नोंदीवर चिकटवते. मधल्या वेळात प्रोसेसरने मूळ नोंदीवर जे लिहिलं ते माझ्या प्रतीखाली झाकलं जातं. आता चिकटवायच्या आधी बघायचं: मूळ नोंद मी वाचली तशीच आहे का? असेल तरच लिहायचं. नसेल तर नवी वाचून पुन्हा. बघणं आणि लिहिणं एका दमात, मध्ये कुणाला शिरताच येणार नाही असं. त्यासाठी प्रोसेसरकडे वेगळा हुकूम आहे, आणि तो मात्र प्रोसेसर पाळतो. ताटकळणारी ओळ तशीच ठेवते."

पेटी विणू लागली. कॅमेरा चालू, मेमरी तुडुंब, पानं आत-बाहेर. एकही तुरा नाही. टेस्टरने मनातल्या मनात पाढे म्हणावेत तसे ओठ हलवले. एकही नाही.

"दुरुस्ती काढा," मागबाई म्हणाल्या. "नाही, मला दाखवा कुठे. मी काढते."

त्यांनी काढली. तुरे आले. त्यांनी लावली. तुरे गेले. लहान मुलाने दिव्याचं बटण खेळवावं तशा त्या आणखी दोनदा खेळल्या. शेवटी मागे टेकून बसल्या आणि सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"हे कळलं," त्या म्हणाल्या. "हे मी कुणालाही सांगू शकेन. आणि ती वेगाची सोय?"

"चालूच राहील."

मागबाई मॅनेजरकडे वळल्या. "तुम्ही बाहेरचं आणणार होतात ना काहीतरी? तिथे मला असं मोडून कोण दाखवणार होतं?"

"कोण आणतंय बाहेरचं?" मॅनेजर म्हणाला आणि फोन खिशात टाकला. मग घसा खाकरला. "आता अहवाल लिहायचाय मला. चूक कुणाची म्हणून लिहू?"

"कुलूप माझं," काका म्हणाले.

"सोय माझी," चिमटा म्हणाली. "आणि काकांच्या ओळी लिहिल्या तेव्हा बरोबर होत्या. जुन्या प्रोसेसरवर आजही बरोबर आहेत. मी त्या न वाचता पुढे गेले. आपण सगळेच जातो."

काकांनी तिच्याकडे बघितलं. "ते लिही," ते मॅनेजरला म्हणाले. "जुन्यावर आजही बरोबर आहेत, ते वाक्य नक्की लिही. बाकी तुला हवं ते लिही."

मागबाई जाताना चिमट्यापाशी थांबल्या. "तागा कुठाय माझा?"

"घरी आहे. आणून देते."

"नको. बिघडलेलं कापड घेऊन मी काय करू? ठेवा तुम्हालाच." दारातून त्या पुन्हा वळल्या. "बरं केलंत."

टेस्टरने टेबलावर दोन्ही हातांनी ढोल वाजवला.

*

प्रदर्शनात माग सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. येणाऱ्या-जाणाऱ्याने सांगावं तशी मागबाई नक्षी बदलत होत्या. कुणी पक्ष्यांना तुरे लावले, कुणी काढले, कुणी नुसते पाय ठेवले. कापड सांगितल्याप्रमाणे आलं. मॅनेजरने फोटो पाठवला. त्यात मागबाई मागावर हात ठेवून उभ्या होत्या, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

महिनाअखेरीस काकांनी मेमरीच्या भागाची पहिली फाइल उघडली. माथ्यावर त्यांचं नाव होतं. त्यावर त्यांनी चिमट्याचं नाव लिहिलं, पूर्ण, कागदोपत्री असतं तसं, आणि स्वतःच्या नावापुढे 'आधीचे' असा शब्द घातला. मग बदल तपासायला तिच्याकडेच पाठवला, कारण आता परवानगी तिचीच लागणार होती.

तिने तो वाचला. दोनच ओळी होत्या, तरी ती सवयीने शेवटपर्यंत गेली.

"काका, तुमच्या नावात एक अक्षर राहिलंय."

"बघू?" काका चष्मा लावून वाकले. "खरंच की. बघा रे, जाता जाता पण सोडत नाही."

अक्षर घातल्यावर तिने परवानगी दिली. खोलीच्या खिडकीवर सासूबाईंनी त्याच ताग्यातून शिवलेला पडदा लागला होता. तुरेवाला पट्टा बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येईल असा त्यांनी तो बेतला होता, आणि बेतताना टेपचं दुसरं टोक सुनेच्या हाती दिलं नव्हतं.

"एक सांगतो," काका पिशवी उचलत म्हणाले. "आत अजून पुष्कळ कुलपं आहेत. दिसलं की पुढे जायचं नाही."

"नाही जाणार."

ती गेली नाही. पुढचे काही आठवडे, रोजचं काम उरकलं की ती एकेक कुलूप वाचत होती. बहुतेक पक्की होती. इतकी, की काही ठिकाणी ती नुसतं बघत बसे. एका सकाळी तिने काकांना फोन लावला.

"काका, पानं परत आणणारा तुकडा. तुमचं तिथलं कुलूप."

"काय झालं त्याला?"

"नव्या प्रोसेसरवर पुरत नाही. तसंच आहे, फक्त अजून कुणाच्या कापडावर दिसलं नव्हतं."

"आधी मोडून..."

"मोडून दाखवलं. टेस्टरसमोर, मॅनेजरसमोर. दुरुस्तीही झाली."

पलीकडे भांडी लावल्याचा आवाज येत होता.

"मग मला कशाला फोन?"

"तुम्हाला सांगायला."

तिला वाटलं फोन बंद झाला. मग काकांचा आवाज आला, पण लांबून. त्यांनी फोन कानापासून दूर धरला होता आणि ते घरात कुणालातरी ओरडून सांगत होते, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात:

"अगं, ऐकलंस का? पोरीने माझं दुसरं कुलूप फोडलं!"